बारा महिने, बारा स्वभाव

मराठीत समीक्षेची काही टंचाई नाही. एखादी कविता छापून आली की तिचा आस्वाद घेणारे दोघे आणि तो घेऊ न देणारे चौघे ताबडतोब हजर होतात. नाटक, कादंबरी, आत्मचरित्र, झालंच तर पाकशास्त्र, कशालाही आमच्या समीक्षकांनी सोडलेले नाही. परंतु एक वाङ्मयप्रकार असा आहे की जो जवळजवळ प्रत्येकाने वाचलेला असतो, आपण वाचला हे कोणी कबूल करीत नाही आणि त्याच्यावर कोणी अवाक्षर लिहीत नाही. तो म्हणजे 'तुमचा जन्ममहिना व तुमचा स्वभाव'.

एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हे वाङ्मय 'निवडक उखाणे' आणि 'घरगुती औषधे' यांच्या मधोमध मांडलेले असे. बत्तीस पाने, पिवळट कागद आणि मुखपृष्ठावर चक्रात कोंबलेले बारा प्राणी. गाडी सुटायला अवकाश असला की माणूस सहज म्हणून ते उचलतो, सहज म्हणून आपला महिना काढतो, आणि मग गाडी सुटली तरी त्याचे लक्ष नसते. हल्ली हेच लेखन मोबाइलवर फुकट येते. भल्या पहाटे, गुलाबाच्या फुलासह, आपले साडू पाठवतात. कागद गेला, पण मजकुरात काडीचा फरक नाही. अभिजात वाङ्मयाची याहून वेगळी व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

तेव्हा हे उपेक्षित काम मीच अंगावर घेतो.

प्रथम पात्रचित्रण. लेखकाकडे बारा पात्रे आहेत. कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा एवढा मोठा पट. पण वाचता वाचता असे ध्यानात येते की ही बारा पात्रे म्हणजे बारा ठिकाणी उभा राहिलेला एकच गृहस्थ आहे. जानेवारीतला माणूस वरून कठोर पण आतून प्रेमळ. फेब्रुवारीतला आतून प्रेमळ पण वरून कठोर. मार्चमधला दुसऱ्यासाठी झटतो पण त्याची कदर होत नाही. एप्रिलमधल्याची कदर होत नाही, तरी तो झटतो. मे महिन्यातला पैसा मिळवतो पण तो टिकत नाही. (हे मात्र खरे आहे. मे महिन्यात पाहुणे येतात.) असे करीत डिसेंबरपर्यंत गेले की अखिल मानवजात म्हणजे प्रेमळ, कष्टाळू, किंचित हट्टी आणि जवळच्यांनी न ओळखलेल्या फणसांचा एक ढीग आहे असे वाटू लागते.

आमच्या सौ.चा जन्म मार्चमधला. एका रविवारी मी तिला "हा तुझा मार्च" असे सांगून ऑगस्टचे पान वाचून दाखवले. 'इतरांच्या सुखासाठी स्वतःच्या इच्छा मारणारी' येथपर्यंत आल्यावर तिने कणीक मळायची थांबवली आणि म्हणाली, "बघा! परक्या माणसाला कळतं. घरातल्यांना पंचवीस वर्षांत कळलं नाही." त्यानंतर ते पान ऑगस्टचे आहे हे सांगण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही. शेजारच्या काकूंचा महिना विचारून त्यांना मी नोव्हेंबरऐवजी एप्रिल वाचून दाखवला. त्यांनी ते पान उतरवून घेतले आणि नवऱ्याच्या डब्यात ठेवले.

हा प्रयोग माझ्या आधी शास्त्रीय पद्धतीने झालेला आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती 'हे तुझे वर्णन' म्हणून एक कागद ठेवला. किती जुळते त्याप्रमाणे पाचांपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितले की सगळ्यांचा कागद एकच होता, आणि त्यातली बहुतेक वाक्ये बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. म्हणजे एस.टी. स्टँड तिथेही आहे! परीक्षेत ८५ टक्के मिळवणारे हे वाङ्मय आपण अजून अभ्यासक्रमाला लावलेले नाही, याचे नवल वाटते.

पात्रचित्रणाची खरी कसोटी लागते ती १२ डिसेंबरला. या एका तारखेला १९४० साली शरद पवार जन्मले, १९४९ साली गोपीनाथ मुंडे जन्मले आणि १९५० साली शिवाजीराव गायकवाड जन्मले, ज्यांना पुढे सारा देश रजनीकांत म्हणून ओळखू लागला. आता डिसेंबरचे पान लिहिणाऱ्याने काय लिहावे? पहिल्या दोघांनी अख्खी हयात एकमेकांच्या विरुद्ध राजकारण केले, आणि तिसऱ्याने राजकारणात येतो येतो म्हणत शेवटी न येण्याचे ठरवले. परंतु आमचा लेखक डगमगत नाही. 'या महिन्यात जन्मलेल्यांचा समाजात प्रभाव असतो. मात्र ते मनातले चटकन सांगत नाहीत,' असे लिहून तो एका वाक्यात तिघांना गुंडाळून मोकळा होतो. याला प्रतिभा म्हणतात.

आता या वाङ्मयाचे कूळ पाहू. हे सगळे आपल्या ऋषिमुनींनी सांगून ठेवले आहे अशी आपली एक सोयीची समजूत असते. प्रत्यक्षात जन्मतारखेवरून भविष्य सांगणारे वर्तमानपत्री सदर रुळले ते इंग्लंडात. ऑगस्ट १९३० मध्ये राजकन्या मार्गारेटचा जन्म झाला आणि 'संडे एक्स्प्रेस'ने आर. एच. नेलर या ज्योतिषाकडून तिचे भविष्य लिहवून घेतले. त्याच लेखात त्याने त्या आठवड्यात वाढदिवस असणाऱ्या साध्यासुध्या वाचकांचेही चार शब्द घातले. राजकन्येपेक्षा लोकांना स्वतःचेच अधिक आवडले. वाचकाचे मन संपादकाने तेव्हाच ओळखले.

आणि जन्मरत्ने? 'जुलैसाठी माणिक, सप्टेंबरसाठी नीलम' ही जी यादी पुस्तिकेच्या शेवटी येते, ती १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने कान्सासमध्ये बसून मुक्रर केली. खडे विकणाऱ्यांनीच कोणी कोणता खडा घ्यावा हे ठरवले! हलवायांनी एकत्र जमून 'आषाढात जन्मलेल्यांना जिलबी लाभते' असा ठराव केला तर आपण त्याला शास्त्र म्हणणार नाही. निदान जाहीरपणे तरी.

आपल्याकडे तर महिना म्हणजे कोणता, इथूनच घोटाळा. इंग्रजी पुस्तकाप्रमाणे सूर्यावरून माणूस कन्या राशीचा निघतो आणि गावच्या जोशीबुवांच्या पत्रिकेत चंद्रावरून तो मीन असतो. एकाच माणसाच्या दोन राशी, आणि दोन्हींचे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे. म्हणून तिथीने केलेला वाढदिवस तारखेच्या पुढेमागे हेलकावे खातो आणि साधारण एकोणीस वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा गाठ घेतात. त्यातून जन्म अधिक मासातला असेल तर पाहायलाच नको. २००४ साली अधिक श्रावणात जन्मलेल्या मुलाला पुढचा अधिक श्रावण भेटला तो २०२३ साली. तोवर त्याला मिसरूड फुटले होते.

तारीखवाल्यांनीही फार हसू नये. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस आला तो आठव्या वर्षी, १९०४ साली. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचे अवघे एकोणीस वाढदिवस झाले होते. नव्याण्णव वर्षे जगून या गृहस्थांनी एकूण तेवीस वाढदिवस पाहिले. काटकसरीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाला दुसरी कुठली तारीख शोभली असती? पाहा, महिन्यावरून स्वभाव सांगणे किती सोपे आहे ते. स्वभाव आधी ठाऊक असला म्हणजे झाले.

इथवर सगळा गमतीचा मामला आहे. पुस्तिकेने एखाद्याला प्रेमळ म्हटले तर कोणाचे काही जात नाही. पण याच वाङ्मयाची एक थोरली बहीण आहे आणि ती गमतीची नाही. तिच्यात असे लिहिलेले असते की मुलगी मूळ नक्षत्रावरची असेल तर सासऱ्याला वाईट, आश्लेषा असेल तर सासूला, ज्येष्ठा असेल तर थोरल्या दिराला आणि विशाखा असेल तर धाकट्याला. म्हणजे जन्माला येऊन चार घटका झालेल्या पोरीवर चार अनोळखी माणसांच्या आयुष्याचा भार. सत्तावीस नक्षत्रांपैकी ही चार; चरणांची सूट धरली नाही तर दर सात मुलींमागे एक. मुलाच्या नक्षत्राची मात्र इतक्या कसोशीने चौकशी झाल्याचे फारसे ऐकिवात नाही. 'पत्रिका जुळत नाही' एवढ्या तीन शब्दांत परत आलेले फोटो आपण सर्वांनीच पाहिले आहेत. कोणाच्या तरी घरी ते कपाटाच्या खणात पाकिटासकट पडलेले असतात, आणि ते पाकीट उघडून मुलगी काय वाचते हे कोणी लिहीत नाही. माझा या वाङ्मयावर खरा आक्षेप आहे तो इथे. फणस म्हणा, गोगलगाय म्हणा, सगळे सहन करू. पण जिला अजून दात यायचे आहेत तिला सासऱ्याच्या मरणाबद्दल आरोपी करू नका.

या शास्त्राची परीक्षाही आपल्या पुण्यात झाली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका धाडल्या आणि कोणती कोणाची एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. आता, रुपया उडवून छापा-काटा केला असता तर पन्नास टक्के हमखास होते. म्हणजे रुपयाचे अवमूल्यन कितीही झालेले असो, या कामी तो कुणाहून कमी पडला नसता.

तर मग जन्माच्या महिन्याचा आणि नशिबाचा काहीच संबंध नाही का? आहे! चांगला दणदणीत आहे. फक्त पुस्तिकेच्या लेखकाला तो दिसलेला नाही, कारण तो आकाशाकडे बघतो आहे. खाली शाळेच्या रजिस्टरात बघितले असते तर दिसला असता.

आपल्या देशात जन्म अधिक होतात ते ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत. (नऊ महिने मागे मोजले की गुलाबी थंडी येते. यावर जास्त भाष्य करण्याचे माझे वय नाही.) परंतु महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला त्यांची जन्मतारीख विचारा. घराघरातून एकच उत्तर येईल : १ जून. गणिती म्हणतात, तेवीस माणसे एकत्र आली तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या वर जाते. आमच्याकडच्या खेड्यातल्या शाळेत त्यासाठी दोनच मुले पुरत.

कारण साधे होते. शाळा जूनमध्ये सुरू होई. बाप पोराला घेऊन येई. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात लागला की वय झाले. मग विचारत, "जन्म कधीचा?" बाप म्हणे, "पेरणी उरकली व्हती बघा." पेरणी या महिन्याला रजिस्टरात रकाना नव्हता. गुरुजी सहा वर्षे मागे मोजत आणि टाक बुडवून लिहीत : १ जून. अंकी आणि अक्षरी.

आमच्यात पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात. रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे ललाट लिहून जाते, ते ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही असा समज. मला नेहमी वाटते की सटवाईच्या लेखाला उगाच एवढा मान दिला गेला. तिचे अक्षर आजवर कोणाला वाचता आलेले नाही. गुरुजींचे अक्षर मात्र वळणदार होते, आणि पुसायचे म्हटले तर कोर्टात जावे लागे.

आमची आत्या १९४२ ची. "गांधीजींना पकडलं त्या आठवड्यात झाले मी," असे ती सांगते. म्हणजे ऑगस्ट. १९४८ च्या जूनमध्ये तिला शाळेत घातले तेव्हा सहाला दोन महिने कमी होते. गुरुजींनी दयाळूपणे ती उणीव तिथल्या तिथे भरून काढली आणि आत्या १ जूनची झाली. पुढे ती स्वतः प्राथमिक शिक्षिका झाली आणि तिनेही पुष्कळांना १ जून बहाल केला. अठ्ठावन्न पुरी झाल्यावर सेवानिवृत्ती. तिथेही नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जातो. म्हणून तिला ३१ मे २००० रोजी नारळ मिळाला. ऑगस्टची नोंद असती तर ३१ ऑगस्टला मिळाला असता. "गुरुजींनी मला दोन महिने आधी शाळेत बसवलं आणि तीन पगार कापून घेतले," असे ती अजून म्हणते. म्हणताना रागाने म्हणत नाही. कारण त्या जूनमध्ये बसवले नसते तर पुढच्या जूनपर्यंत तिच्या आजीने तिला धाकट्या भावाच्या पाळण्याची दोरी दिली असती, आणि एकदा हातात आलेली दोरी मुलीच्या हातून सुटत नसे.

पाहा, किती गोष्टी एका खोट्या तारखेने ठरल्या. शाळा, नोकरी, पेन्शन. मंगळाने यातले काही केले नाही.

असेच एक उदाहरण पार कॅनडात सापडते. तिथे बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मुलांचे वयोगट १ जानेवारीवरून पाडतात. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की वरच्या दर्जाच्या खेळाडूंत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते आणि वर्षअखेरच्या मुलांची वानवा. ज्योतिषी म्हणेल, मकरेचा प्रभाव. प्रभाव कसला? जानेवारीतले पोर डिसेंबरातल्यापेक्षा अकरा महिन्यांनी थोराड असते, म्हणून त्याला संघात घेतात, म्हणून त्याला जास्त शिकवतात, म्हणून ते पुढे जाते. वयाची रेघ जुलैवरून ओढली तर तोच प्रभाव मुकाट्याने जुलैत येऊन बसेल. आपल्याकडे सहाला दोन महिने कमी असताना वर्गात बसलेली आत्या पहिलीत 'मंद' ठरली होती. ती मंद नव्हती, लहान होती. हा फरक कुठल्याही जन्मपुस्तिकेत सांगितलेला नाही, आणि सांगायला हवा होता तो हाच.

आता जमाना बदलला. दवाखान्यातच जन्माची नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालायचा. गुरुजींची दया आणि कोतवाल बुकातली शाई, दोन्ही इतिहासजमा. ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर दुसरेही एक वाङ्मय चालले आहे, आणि माझ्या मते जन्ममहिन्यावरचे अस्सल लेखन तेच होते. फक्त ते कोणी लिहिले नाही. 'कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे', 'बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी वाटत होते तेव्हा', 'नदीला पूर होता, सुईण अलीकडे येईना, तुझा आजा पोहत गेला'. या एकेका वाक्यात पात्र आहे, प्रसंग आहे, ऋतू आहे, आणि ते फक्त एकाच माणसाला लागू पडते. फोररच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही त्यावर पाचांपैकी अर्धा गुण देता आला नसता.

दोन-तीन वर्षांपूर्वी आत्याचे सहस्रचंद्रदर्शन करायचे घाटत होते. एक हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षे आणि वर आठ-दहा महिने. पण मोजायचे कुठून? दाखल्यावरून की गांधीजींवरून? घरात दोन पक्ष पडले. त्यातून अधिक श्रावण आडवा आलेला, गुरुजी तारीख देईनात. (हे गुरुजी पूजा सांगणारे.) वाद पुष्कळ झाल्यावर आत्या म्हणाली, "चंद्र काय माझा दाखला बघून उगवत होता? तुम्हाला सवड असेल तेव्हा करा. फक्त मंगळवार नको, मंगळवारी माझी भिशी असते."

माझी शिफारस एवढीच आहे. या पुस्तिका वाचाव्यात, प्रवासात वेळ बरा जातो. महिना चुकवून वाचाव्यात, म्हणजे जास्तच बरा जातो. पण घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर आधी त्यांना विचारावे, आपण झालो तेव्हा पाऊस होता का, घरात कोण होते, कोण धावत गेले, पहिल्यांदा कोणी उचलून घेतले. आणि ऐकता ऐकता लिहून घ्यावे. त्या आवृत्तीच्या प्रती थोड्या आहेत आणि पुनर्मुद्रण होत नाही.